युनियनविरुद्धची तक्रार आणि टळलेली मुदत: खान्देशातल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये, चटई आणि पाइपच्या कारखान्यांत, जिनिंगवर किंवा साखर कारखान्यात जे काम करतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. युनियनविरुद्धच्या तक्रारीत बाजू खरी असूनही केवळ तारीख हुकल्यामुळे माणूस हरतो, आणि ही तारीख बहुतेक वेळा आळसाने हुकत नाही. ती चुकीच्या दिवसापासून मोजल्यामुळे किंवा कुणाच्या तरी शब्दावर थांबल्यामुळे हुकते.

युनियनविरुद्ध तक्रार करायला मुदत किती असते?

नव्वद दिवस. अनुचित कामगार प्रथांविषयीचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे. कोर्टात सगळे त्याला ‘पल्प अ‍ॅक्ट’ म्हणतात आणि त्याखालच्या तक्रारीला ‘यूएलपी कम्प्लेंट’, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची (अनफेअर लेबर प्रॅक्टिसची) तक्रार. त्याच्या कलम २८ प्रमाणे घटना घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार दाखल व्हावी लागते. ती युनियन करू शकते, मालक करू शकतो, आणि एकटा कामगारही करू शकतो. त्यासाठी कुणाची परवानगी किंवा शिफारस लागत नाही (दोन बाबींचा अपवाद आहे, तो पुढे कलम २१ मध्ये येतो). नव्वद दिवसांनंतरही कोर्ट तक्रार घेऊ शकते, पण उशिराची चांगली आणि पुरेशी कारणे तक्रारदाराने दाखवावी लागतात.

९० दिवस म्हणजे तीन महिनेच ना?

नाही, आणि याच चुकीने चांगल्या तक्रारी दोन-तीन दिवसांनी मुदतबाह्य होतात. घटना १० जूनची असेल तर तो दिवस धरायचा नाही. ११ जून हा पहिला दिवस. जूनचे २० दिवस, जुलैचे ३१ मिळून ५१, ऑगस्टचे ३१ मिळून ८२. राहिले आठ, म्हणजे ८ सप्टेंबर हा शेवटचा दिवस. ‘तीन महिने’ धरणारा माणूस १० सप्टेंबरला कोर्टात पोहोचतो आणि दोन दिवसांच्या उशिरासाठी वेगळा अर्ज लिहीत बसतो.

शेवटच्या दिवशी कोर्टाला सुटी असेल तर कोर्ट उघडल्याच्या पहिल्या दिवशी दाखल केलेले चालते. तरीही सुटीच्या भरवशावर राहू नका. तक्रार तपासणाऱ्या कारकुनाने प्रत कमी आहे, सही राहिली आहे, प्रतिज्ञापत्र नाही असे म्हणून कागद परत केले तर दुसरा दिवस हाताशी हवा. पंच्याहत्तराव्या दिवसापर्यंत दाखल करायचे असे मनाशी धरून चालावे.

दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? घटना घडली तेव्हापासून की मला कळले तेव्हापासून?

कायद्यातला शब्द ‘घडल्यापासून’ असा आहे, म्हणून मोजणी घटनेपासून करा. उशिरा कळले असेल तर ते उशिराचे कारण म्हणून मांडता येते, आणि ते बळकट कारण असते. पण केव्हा आणि कसे कळले, हे कागदाने दाखवावे लागते.

कामावरून काढल्याचे पत्र असेल तर ते तुमच्या हाती पडल्याची तारीख महत्त्वाची. म्हणून पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो, पत्रावर नसतो. पोस्टमन आला आणि तुम्ही पत्र घ्यायला नकार दिला, तर पत्र मिळालेच असे कोर्ट धरून चालते. ‘सहीच केली नाही, म्हणजे मुदत सुरूच झाली नाही’ हा गेटवर हमखास मिळणारा सल्ला धोक्याचा आहे.

पत्रच दिले नाही, नुसते गेटवर अडवले, तर अडवल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजा. त्याच दिवशी कंपनीला स्पीड पोस्टने दोन ओळी लिहा: ‘आज दि. अमुक रोजी सकाळी सात वाजता पहिल्या पाळीला आलो असता मला आत घेतले नाही. मी कामावर हजर होण्यास तयार आहे.’ पावती जपून ठेवा. पुढे तारखेचा वाद झाला तर ही पावतीच उपयोगी पडते.

युनियनचे पदाधिकारी म्हणाले, ‘साहेबांशी बोलणे चालू आहे, घाई करू नको.’ त्यात चार महिने गेले. मुदत थांबली असे धरता येईल का?

नाही. युनियनच्या बोलण्याने, कंपनीच्या आश्वासनाने किंवा तुम्ही पाठवलेल्या अर्जांनी मुदत थांबत नाही. पुन्हा पुन्हा निवेदने दिली म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड (१९८९) आणि सी. जेकब (२००८) या प्रकरणांत सांगितले आहे. ती सरकारी नोकरांची प्रकरणे होती, पण कामगारांच्या तक्रारीत समोरचा वकील हमखास तीच वाचून दाखवतो.

मात्र आश्वासन उशिराचे कारण होऊ शकते, अट एवढीच की ते सिद्ध करता आले पाहिजे. बैठकीची नोटीस, इतिवृत्त, युनियनच्या लेटरहेडवरचे पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर यातले काहीतरी हवे. पदाधिकाऱ्याने तोंडी शब्द दिला असेल तर त्याच संध्याकाळी त्याला मेसेज टाका: ‘भाऊ, आज ऑफिसात तुम्ही म्हणालात की पंधरा तारखेपर्यंत माझा विषय मार्गी लागेल, तोवर मी थांबतो आहे.’ त्याने नुसते ‘हो’ लिहिले तरी ती लेखी नोंद झाली. मोबाइलमधला मजकूर कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

एवढे करूनही ऐंशीव्या दिवसापर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही. तक्रार दाखल केली म्हणून बोलणी मोडत नाहीत. तडजोड झाली तर तक्रार मागे घेता येते, पण गेलेली मुदत मागे येत नाही.

युनियनने माझी केस लढलीच नाही. ही तक्रार या कायद्यात बसते का?

हे उत्तर नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

युनियनच्या अनुचित प्रथा कोणत्या, याची यादी या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि ती फक्त सहा बाबींची आहे. बेकायदा संपाला चिथावणी किंवा पाठिंबा देणे. युनियनमध्ये येण्या-न येण्याबाबत कामगारांवर जबरदस्ती करणे, म्हणजे संपात नसलेल्यांना गेटवर शरीराने अडवणे, त्यांना किंवा व्यवस्थापनाच्या माणसांना मारहाण करणे, धमकावणे. मान्यताप्राप्त युनियनने मालकाशी सद्भावनेने वाटाघाटी करायला नकार देणे. वाटाघाटीचा प्रतिनिधी ठरवण्याच्या कामात दंडेलीने आडवे येणे. मुद्दाम संथ काम, कामाची वेळ संपल्यावर आवारात ठिय्या किंवा घेराव घडवणे. मालकाच्या किंवा अधिकाऱ्यांच्या घरासमोर निदर्शने करणे.

‘सभासदाची केस लढली नाही’, ‘चौकशीत मदतनीस दिला नाही’, ‘करारात आमच्या खात्याला कमी वाढ घेतली’ यातले काहीही या यादीत नाही. त्यामुळे या गोष्टींवर तिसऱ्या अनुसूचीखाली तक्रार केली तर ती मुदतीत असूनही पडते. कामगाराच्या बाजूने पाहिले तर कायद्यात ही मोठी उणीव आहे. पण ती आहे हे धरूनच पुढचे पाऊल टाकावे लागते.

आता त्यातून वाट कशी काढायची. कामावरून काढले असेल तर तुमचे खरे भांडण कंपनीशी आहे. चौथ्या अनुसूचीतील बाब १ खाली, म्हणजे आकसाने, खोट्या कारणाने किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून काढून टाकणे, ही तक्रार तुम्ही एकटे करू शकता आणि तिलाही ९० दिवसांचीच मुदत आहे. युनियनवर राग धरून महिने घालवले की कंपनीविरुद्धची मुदतही त्याच दिवशी संपते. युनियन आणि कंपनी यांचे साटेलोटे असेल, मालकानेच युनियन उभी केली असेल किंवा एका युनियनला पैसा पुरवत असेल, तर ती मालकाची अनुचित प्रथा आहे: दुसरी अनुसूची, बाब २. त्या तक्रारीत युनियनलाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येते.

करार झाला पण कंपनी तो पाळत नसेल तर चौथ्या अनुसूचीतील बाब ९. एका गटाला झुकते माप दिले जात असेल तर बाब ५. वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवणे ही बाब ६ आहे, पण जिथे मान्यताप्राप्त युनियन आहे तिथे बाब २ आणि ६ च्या तक्रारीत ती युनियनच उभी राहू शकते, हे कलम २१ विसरू नका. हंगामी कामगारांच्या तक्रारी या कलमावर अडकतात आणि तोवर दिवस निघून जातात.

तक्रार कुठल्या कोर्टात करायची?

चौथ्या अनुसूचीतील बाब १, म्हणजे कामावरून काढण्याची तक्रार, कामगार न्यायालयात. बाकी सगळ्या, युनियनविरुद्धच्याही, औद्योगिक न्यायालयात. दोन्ही गोष्टी एकाच तक्रारीत घातल्या तर कोर्ट अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढते आणि तुम्हाला पुन्हा लिहायला बसावे लागते. दोन विषय असतील तर पहिल्या दिवसापासून दोन तक्रारी करा.

सामनेवाल्याच्या जागी युनियनचे नोंदणीकृत पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता टाका. गेटवरच्या फलकावरचे छोटे नाव टाकू नका. चुकीच्या नावाने गेलेली नोटीस परत येते, आणि नवा पक्षकार नंतर जोडला की त्याच्यापुरती मुदत जोडल्याच्या तारखेपासून पाहावी, असा वाद उभा राहतो.

गेटवर रोज अडवतात. रोज नवे ९० दिवस धरता येतात का?

रोज नवे कृत्य घडत असेल तर हो. सोमवारी अडवले, मंगळवारी पुन्हा अडवले, तर मंगळवारचे कृत्य वेगळे. पण कृत्य एकदाच घडून त्याचा त्रास पुढे चालू राहिला, तर मुदत एकदाच सुरू होते.

हा फरक आळंदीच्या एका जुन्या प्रकरणात स्पष्ट झाला आहे. ज्ञानेश्वर महाराज संस्थानाने वंशपरंपरेच्या गुरवांना सेवेतून दूर केले होते. आमचा हक्क रोज नाकारला जातो, म्हणून अन्याय चालूच आहे, असा गुरवांचा युक्तिवाद होता. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. दूर केले त्या दिवशीच कृत्य पूर्ण झाले, पुढे भोगावे लागले तो त्याचा परिणाम, असे न्यायालयाने म्हटले. सभासदत्व काढणे, बडतर्फी, बदली ही अशीच एकदा पूर्ण होणारी कृत्ये आहेत. दरमहा कमी पगार मिळणे हे मात्र दर महिन्याला नव्याने घडते. तिथे तक्रार उशिरा चालली तरी जुनी थकबाकी सगळी मिळत नाही.

मुदत गेलीच आहे. आता काय करायचे?

आधी दोन गोष्टी तपासा. दिवस पुन्हा मोजा, आणि याच विषयात गेल्या ९० दिवसांत काही नवे कृत्य घडले आहे का ते पाहा. दोन्हीत काही निघाले नाही तर विलंब माफीचा अर्ज करा.

तक्रारीबरोबरच, पण वेगळ्या कागदावर हा अर्ज द्यायचा, त्याला प्रतिज्ञापत्र जोडायचे आणि पुराव्यांची यादी लावायची. आधी या अर्जावर सामनेवाल्याला नोटीस निघते, त्याचे म्हणणे येते आणि मगच मूळ तक्रार हातात घेतली जाते. अंतरिम आदेशाचा, कोर्टाच्या भाषेत निशाणी यू-२ चा, अर्जही सहसा तोवर थांबतो. उशिराचे हे सगळ्यात मोठे नुकसान आहे. बदलीला स्थगिती हवी असणारा माणूस विलंब माफ होईपर्यंत नव्या जागी हजर झालेला असतो.

अर्जात सगळ्यात वर उशीर किती दिवसांचा ते लिहा. घटना १० जून, मुदत संपली ८ सप्टेंबरला, दाखल केली २० ऑक्टोबरला, तर उशीर ४२ दिवसांचा. ‘सुमारे दीड महिना’ असे लिहू नका. आकडा चुकला की समोरच्याला आयता मुद्दा मिळतो आणि तुमच्या बाकीच्या तारखांवरही शंका येते.

मग घटनेपासून दाखल करेपर्यंतचा काळ तुकड्यांत मांडा. उदाहरणार्थ: १० जून ते २८ जून, कंपनीला दोन पत्रे, पावत्या निशाणी १ व २. २९ जून ते १७ ऑगस्ट, युनियनचे लेखी आश्वासन, पत्र निशाणी ३. १८ ऑगस्ट ते २६ सप्टेंबर, कावीळ, जिल्हा रुग्णालयातील डिस्चार्ज कार्ड निशाणी ४. २७ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर, युनियनच्या घटनेची (नियमावलीची) प्रत मागवली, वकील नेमला, कागद तयार केले. प्रत्येक तुकड्याला एक कारण आणि एक कागद. मधल्या काळात भगदाड राहिले तर समोरचा वकील उलटतपासणीत नेमके तेच विचारतो: ‘त्या तीन आठवड्यांत तुम्ही काय करत होता?’

कलेक्टर, अनंतनाग विरुद्ध कातिजी (१९८७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की विलंबाकडे उदार नजरेने पाहावे, दिवसादिवसाचा हिशेब अडेलतट्टूपणे मागू नये. एन. बालकृष्णन (१९९८) मध्ये म्हटले आहे की उशीर किती यापेक्षा कारण पटण्यासारखे आहे का, हे बघावे. दोन्ही निकाल अर्जात नमूद करा. पण निव्वळ निकालांच्या जोरावर अर्ज मंजूर होत नाही, खाली तारखा आणि कागद लागतात.

आणखी एक उपयोगी गोष्ट: विलंबाच्या काळातला मागचा पगार मागणार नाही असे अर्जात स्वतःहून लिहिण्याचा विचार करा. तुमच्या उशिराचा भुर्दंड आम्ही का सोसावा, हा कंपनीचा मुख्य आक्षेप त्याने बोथट होतो. तेवढ्या दिवसांचा पगार जातो हे खरे, पण त्याच्या बदल्यात पूर्ण तक्रार जिवंत राहत असेल तर तो सौदा करण्यासारखा आहे.

कोणती कारणे टिकतात आणि कोणती टिकत नाहीत?

कागद असलेले आजारपण टिकते. घरातला मृत्यू, अपघात, कंपनीने किंवा युनियनने लेखी दिलेली मुदत, चुकीच्या कार्यालयात प्रामाणिकपणे केलेला अर्ज, हेही टिकते. वकिलाची चूक बऱ्याचदा मान्य होते, पण तुम्ही वेळेत फाइल दिली होती याचा पुरावा लागतो.

‘कायदा माहीत नव्हता’ हे एकटे कारण कमजोर आहे. ‘आखाजीला गावी गेलो होतो’, ‘कापूस वेचणी होती’, ‘घरात लग्न होते’ ही कारणे आठ-दहा दिवसांपुरती चालून जातील, दोन महिन्यांसाठी नाही. पैशाची अडचण लिहायची असेल तर पगार कधी बंद झाला, किती कर्ज काढले, हे पासबुकाच्या प्रतीसह लिहा. नुसते ‘गरीब आहे’ लिहून काही होत नाही.

खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र कधीच लावू नका. त्या काळात तुम्ही दुसरीकडे हजेरी लावल्याचे निघाले तर विलंबाचा अर्जच नव्हे, पूर्ण तक्रारीची विश्वासार्हता जाते.

विलंबाचा अर्ज न जोडताच तक्रार दिली आहे. आता?

सामनेवाल्याचे म्हणणे येण्याची वाट पाहू नका. लक्षात आले त्याच तारखेला अर्ज द्या. मुदतीचा मुद्दा आधी ठरवावा अशी मागणी समोरून आली आणि तुमचा अर्जच रेकॉर्डवर नसेल, तर कोर्टापुढे कारण म्हणून काहीच राहत नाही.

आधी सहायक कामगार आयुक्तांकडे गेलो होतो. तो वेळ वजा होतो का?

चुकीच्या ठिकाणी, पण प्रामाणिकपणे आणि चिकाटीने दाद मागितली असेल तर तो काळ वजा धरावा हे तत्त्व मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे आणि विलंबाच्या अर्जात त्याचा आधार घेता येतो. तिथला आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत आणि तारखांच्या नोटिसा जोडा.

पण पल्प कायद्याचे कलम ५९ इथेच आडवे येते. या कायद्याखाली प्रकरण चालू झाले की त्याच विषयावर औद्योगिक विवादाचा मार्ग बंद होतो, आणि उलटही तसेच. म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकून ‘जिथे लागेल तिथे’ असे करू नका. ९० दिवस बरेच उलटले असतील आणि कारण लंगडे असेल, तर बडतर्फीसाठी समेट अधिकाऱ्याचा, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, मार्गच बरा पडतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याला तीन वर्षांची मुदत होती. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षे आहे. समेट न झाल्याचा अहवाल मिळाल्यावर न्यायाधिकरणात जायला ९० दिवस मिळतात, तेही याच पद्धतीने मोजा. कोणता मार्ग धरायचा हे पहिला कागद दाखल करण्याआधी ठरवा.

युनियनने मला सभासदत्वावरून काढले किंवा निवडणुकीत घोळ केला. हेही ९० दिवसांतच का?

हा अनुचित प्रथेचा विषय नाही, युनियनच्या अंतर्गत कारभाराचा आहे. आधी १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात राज्याच्या दुरुस्तीने आलेल्या कलम २८-१अ खाली, कामगार संघटनांच्या निबंधकांची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयात जावे लागे. संमतीशिवाय गेलेले अर्ज परत येत. आता औद्योगिक संबंध संहितेच्या कलम २२ खाली सभासद सरळ न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. कारभार, पदाधिकाऱ्यांची निवडणूक आणि सभासदत्व नाकारणे हे विषय त्यात येतात. दिवाणी कोर्टाला हे दावे चालवता येत नाहीत, तरीही मनाईसाठी लोक तिकडे धावतात आणि महिने घालवतात.

आधी युनियनची घटना पाहा. काढून टाकल्याविरुद्ध कार्यकारिणीकडे किंवा सर्वसाधारण सभेकडे अपील करायची तरतूद आणि तिचे दिवस घटनेतच दिलेले असतात, आणि ते बरेचदा फार थोडे असतात. घटनेची प्रत युनियन देत नसेल तर ती निबंधकांच्या दप्तरी आहे, माहिती अधिकारात मागता येते. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि त्या दिवसांत तुमची मुदत चालूच असते, म्हणून हा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका.

पगारातून वर्गणी माझ्या संमतीशिवाय कापतात.

ही तक्रार कंपनीविरुद्ध वेतनाच्या कायद्याखाली होते, कारण पैसे कापणारी ती आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात १२ महिन्यांची मुदत होती, वेतन संहितेत तीन वर्षांची आहे. कपात थांबवण्याचे पत्र कंपनीला द्या, युनियनला प्रत द्या आणि पगारपत्रके जपून ठेवा.

भुसावळच्या रेल्वेत किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काम करतो. मला हे लागू आहे का?

नाही. तिथे केंद्र सरकारचा अधिकार चालतो, १९७१ चा राज्याचा कायदा नाही. सेवेविषयीचा वाद केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. अपिलावर किंवा निवेदनावर सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. त्याच आवारातल्या ठेकेदाराच्या कामगाराने मात्र आपल्याला कुठला कायदा लागतो हे वेगळे तपासून घ्यावे, शेजारच्या कायम कामगाराची मुदत आपली समजू नये.

नवी संहिता आली, मग १९७१ चा कायदा गेला का?

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने रद्द केलेल्या कायद्यांत १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची नावे आहेत. १९७१ चा राज्याचा कायदा त्या यादीत नाही. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही युनियनच्या अनुचित प्रथांची यादी आहे. त्यामुळे समोरचा पक्ष अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेणार हे गृहीत धरून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: माझी घटना या तारखेची आहे, हे प्रकरण कुठे दाखल करायचे? उत्तर काहीही आले तरी मुदत ९० दिवसांचीच धरा. दोन मुदतींपैकी लहान मुदत पाळणाऱ्याचे नुकसान होत नाही.

वकील परवडत नाही, म्हणून उशीर होतो आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार मोफत वकिलाच्या हक्कदारांत आहेत. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे कामगारही आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. ओळखपत्र, पगारपत्रक आणि वादाचा मुख्य कागद सोबत न्या. अर्जावर पहिल्याच ओळीत ‘मुदत अमुक तारखेला संपते’ असे मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर तुमचा अर्ज रांगेतल्या इतर अर्जांसारखाच हाताळला जाईल. पोहोच घ्या. वकील मिळायला उशीर झालाच तर ती पोहोच विलंबाच्या अर्जात लागते.

विलंबाचा अर्ज फेटाळला गेला. पुढे काय?

कामगार न्यायालयाने फेटाळला असेल तर पल्प कायद्याच्या कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, म्हणजे तो आदेश तपासून घेण्याचा अर्ज. औद्योगिक न्यायालयाने फेटाळला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी ती छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात करावी लागते. आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. वरच्या कोर्टात नवे कारण सांगता येत नाही, खालच्या अर्जात जे लिहिले आणि जे कागद जोडले त्यावरच सगळे तपासले जाते. डिस्चार्ज कार्ड, पोस्टाच्या पावत्या, युनियनचे पत्र हे सगळे पहिल्याच अर्जाला जोडलेले असावे ते याच कारणाने.